भाजे येथील शिल्प व बालमनाचे धैर्य

मावळात मळवली स्थानकापासून जवळच भाजे हे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरात २२ लेणी असून त्यांच्या खोदकामास इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आरंभ झाला. त्यांपैकी दक्षिणेकडील एका विहाराच्या ओसरीत, दाराच्या दोन बाजूंस दोन शिल्पे आहेत. एकात चार घोड्यांचा रथ अक्राळविक्राळ देहांवरून दौडत आहे. दुसऱ्यात एक पुरुष हत्तीवर आरूढ असून हत्तीने सोंडेने झाड उपटले आहे. रथात सूर्य व हत्तीवर इंद्र, असे पुष्कळ पंडित मानतात. काहींना येथे मांधाता राजाची कथा दिसते. पहिला अर्थ घेतल्यास रथाखाली चिरडला जाणारा तो अंधकार होय.

हे शिल्प मुलांसाठी कोरले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु कथा मनाला बळ कसे देते, ह्याची खूण त्यात सापडते. अंधाराला आकार नसतो तोवर त्याचे भय अमर्याद असते. त्याला राक्षसाचे तोंड दिले की सीमा पडते. आणि ज्याला सीमा आहे, त्याचा पाडावही होऊ शकतो. आजीच्या कुशीत राक्षसाची गोष्ट ऐकणारे मूल भिते खरे, पण गोष्ट थांबवू देत नाही.

ह्या जुन्या रीतीला ‘बिब्लिओथेरपी’, म्हणजे ग्रंथोपचार, हे नाव सॅम्युएल क्रोथर्स ह्या अमेरिकन लेखकाने १९१६ साली काहीशा विनोदाने दिले. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर तिचे बोलके उदाहरण नाशिकच्या तुरुंगात जन्मले. साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. रोज रात्री सोबत्यांना सांगितलेली एक आठवण, अशी तिची मांडणी आहे. पोहण्याच्या भीतीने लपलेला श्याम, घरावरचे कर्ज, दारिद्र्यातील मानहानी आणि अखेर आईचा मृत्यू, ह्यांतले काहीच मुलांपासून लपविलेले नाही. वाचणारे मूल श्यामसाठी रडते. त्या रडण्यात त्याचे स्वतःचे, कोणाला न सांगितलेले दुःखही वाट काढते.

गोष्ट संपताच तात्पर्य घोकून घेतले, तर ही वाट बंद होते. गाढ मनोव्यथेत वैद्याची जागाही गोष्ट घेऊ शकत नाही. मात्र नित्याच्या भयाशी व वियोगाशी मुलाची ओळख करून देताना वडील माणसाने जवळ बसावे, गोष्ट पुरती सांगावी आणि मूल काही विचारील तोवर स्वस्थ राहावे. धैर्याचा पहिला धडा मुलाला त्या सोबतीतच मिळतो.