तळटीप १४ : ओरिएंटेशन
१४. ओरिएंटेशन : महाविद्यालयीन प्राध्यापकांचा चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक विद्यापीठांत ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ काढली. हे वर्ग तेथे भरत. विषयवार ‘रिफ्रेशर’ म्हणजे उजळणी वर्ग तेव्हा तीन आठवड्यांचा असे, तो वेगळा. सातारा-सांगलीकडची बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असली, तरी वर्गासाठी पुणे विद्यापीठही गाठता येई. वरच्या वेतनश्रेणीसाठी प्रमाणपत्र फाइलीला जोडावे लागे. शिकण्याच्या ओढीपेक्षा या अटीनेच वर्ग भरत, असे म्हणायला हरकत नाही. २०२३पासून ही केंद्रे शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली आहेत.