यकृत् आणि रक्त

जुन्या वैद्यकपोथ्यांत यकृत् हें रक्ताचें स्थान म्हणून वारंवार येतें. सुश्रुतसंहितेच्या मतें यकृत्-प्लीहांतील रंजक पित्तानें रसास रक्तत्व येतें. ग्रीक वैद्य गेलेन यानेंहि अन्नरसाचें रक्त यकृतांतच होतें असें मानिलें. इ. स. १६२८ मध्यें हार्वेनें रुधिराभिसरण प्रसिद्ध केल्यावर हें मत डळमळलें. पुढें १८५७ मध्यें क्लोद बेर्नारनें यकृतांतून ग्लायकोजेन, म्हणजे शर्करेचें संचित रूप, वेगळें काढिलें. पित्तोत्पत्ति व विषनिवारण हींहि यकृताचींच कार्यें होत. तथापि गर्भवासाच्या मध्यकाळांत रक्तकण मुख्यत्वें यकृतांतच घडतात, हें आतां निश्चित आहे. प्राचीनांस हें ठाऊक होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु केवळ अशा वचनावरून पोथी त्याज्य ठरवूं नये, एवढीच संग्राहकांस विनंती.