झरी, जामणी आणि एक रिकामी जागा

आमच्या कुळाची यादी संगणकावर चढवून झाली तेव्हा मी खुशीत होतो. 'झरी जामणी' तालुक्यातले सगळे शोधले, तर मोठी आत्याच गायब! तिचं सासर तर तिकडचंच.

कारण साधं होतं. वऱ्हाडी बोलण्यात 'ण'चा 'न' होतो. चुलतभावाने यादी फोनवर ऐकून भरली, म्हणून आत्यापुढे 'झरी जामनी' पडलं. नावांची अशी मोडतोड इकडे नवी नाही. इंग्रजांनी वणीचं 'वुन' केलं आणि जिल्ह्यालाही तेच नाव दिलं. १९०५ साली त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं.

आता थोडं एसक्यूएलबद्दल. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना दिली. तिच्यावर १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 'सीक्वेल' ही भाषा बेतली. पुढे तिच्याही नावातली अक्षरं गळून एसक्यूएल झालं. १९८६ साली अमेरिकेत ती प्रमाण ठरली. तिच्यातल्या 'लाइक'ला अर्धवट आठवणारं नावही चालतं. % म्हणजे कितीही अक्षरं, एकही नसलं तरी चालेल. _ म्हणजे नेमकं एक.

मी '%जाम_' लिहिलं. आत्या काही आली नाही. डोळ्याला 'णी' एकच अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये 'ण' वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी. '%जाम__' लिहिल्यावर जामणी आणि जामनी, दोन्ही सापडल्या.

आत्याची नोंद उघडली. जन्मसाल '१९__'. ठाऊक नसलेलं साल भावाने असं भरलं होतं. आणखी कुणाकुणाचं असं आहे ते बघावं म्हणून '%_%' लिहिलं, तर अख्खं कूळ समोर! कुठलंही एक अक्षर चालणार म्हटल्यावर सुटणार कोण? ती रेघ साधी रेघच समजावी यासाठी तिच्याआधी खूण लागते : लाइक '%!_%' एस्केप '!'.

सात नोंदी आल्या. सातही बायकांच्या.

पुरुषांची सालं शाळेच्या दाखल्यांवरून मिळाली होती. या सातजणी शाळेत गेल्याच नव्हत्या.

त्या रात्री आत्याला फोन केला. म्हणाली, "साल त मले ठाव नाही बापा. माय म्हने, कापूस वेचनं चालू होतं."

साल तसंच ठेवलं, शेजारी कापसाचं लिहिलं. उरलेल्या सहाजणींबद्दल घरात कुणाला असं काही आठवत असेल तर कळवा. सण, पूर, लग्न, काहीही चालेल.