कयाकवरील शीड

सागरी कयाकच्या पुढच्या डेकवर, वल्हवणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात उभारलेले छोटे शीड. क्षेत्रफळ बहुधा १ चौरस मीटरच्या आसपास. मागून किंवा बाजूने वारा असेल तर ते कामाचे. समोरून आला, की दोरी सोडून डोलकाठी आडवी करायची आणि निमूट वल्हे मारायचे!

कयाकच्या तळाशी तोल धरणारे वजन नसते. त्यामुळे शीड वर असतानाही वल्हे हातातच हवे. वाऱ्याचा झोत आला, की त्यानेच सावरावे लागते.

ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये जर्मनीतील उल्महून घडीच्या कयाकमधून निघाला आणि वल्हे व शिडाच्या जोरावर १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटले होते. स्पेक जर्मन असल्याने त्याची रवानगी थेट कैदेत झाली. हान्नेस लिंडेमान याने १९५६ मध्ये शिडाच्या घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत एकट्याने अटलांटिक ओलांडला.