लेकराच्या पोटातली गाठ : दोनशे वर्षांचा शोध

गटाच्या बैठकीत आपण स्तनाच्या आणि गर्भपिशवीच्या कॅन्सरबद्दल बोलतो. किडनीचं नाव निघालं की मात्र आपल्याला मुतखडाच आठवतो. किडनीलाही कॅन्सर होतो, मोठ्यांना वेगळा आणि लेकरांना वेगळा. हा फरक कळायला डॉक्टरांनाही फार वर्षं लागली. आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत.

लहान मुलाच्या किडनीतल्या अशा गाठीची नोंद थॉमस रान्स यांनी १८१४ मध्ये लिहून ठेवली. पण तेव्हा उपाय काहीच नव्हता. एक किडनी काढली तर माणूस जगेल का, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. याचं उत्तर मिळालं ते एका बाईमुळे. जर्मनीत आधीच्या एका ऑपरेशनमध्ये तिच्या लघवीच्या नळीला इजा झाली होती आणि लघवी सतत झिरपत होती. डॉ. गुस्ताव सायमन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८६९ मध्ये त्या बाईची एक किडनी काढली. बाई जगली. एका किडनीवर माणूस जगतो हे तेव्हा सिद्ध झालं. आजही या कॅन्सरचं ऑपरेशन त्याच भरवशावर होतं.

१८९९ मध्ये मॅक्स विल्म्स या जर्मन डॉक्टरांनी लेकरांच्या गाठींवर पुस्तक लिहिलं. बाळ पोटात वाढताना किडनी ज्या कच्च्या पेशींपासून घडते, त्यांच्यापासून ही गाठ होते, हे त्यांनी ओळखलं. म्हणून तिला 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात. लेकरांच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये दहातले सुमारे नऊ याच प्रकारचे असतात. बहुतेक वेळा तो पाच वर्षांच्या आत दिसतो. कधीकधी दोन्ही किडन्यांत असतो. लेकरू खेळतं, जेवतं, पण पोट एका बाजूने मोठं दिसतं किंवा आंघोळ घालताना हाताला गाठ लागते. काहींना ताप येतो, लघवीतून रक्त जातं, रक्तदाब वाढतो. आईने गरोदरपणी काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा या गाठीशी काही संबंध नाही. आईला दोष देणं थांबवायला हवं.

मोठ्यांचा कॅन्सर याहून वेगळा. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांच्या अस्तरात तो बहुतेक वेळा सुरू होतो. त्याचेही पोटप्रकार आहेत. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पांढुरक्या, पारदर्शक दिसतात. किडनीत लघवी जिथे गोळा होते, तिथल्या अस्तराचा कॅन्सर आणखी वेगळा, त्याचा उपचारही वेगळा. मोठ्यांचा हा आजार साधारण साठीच्या आसपास आणि बायांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. विडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वाढलेला रक्तदाब यांनी धोका वाढतो. पुष्कळदा त्रास काहीच नसतो, दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली की गाठ सापडते. लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, तर आपण 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा पितो. रक्त एकदाच जाऊन थांबलं तरी तपासणी करायलाच हवी.

लेकरांच्या बाबतीत पुढची गोष्ट आनंदाची आहे. आधी नुसतं ऑपरेशन होतं, मग क्ष-किरणांचा शेक आला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाची जोड दिली. आज वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक लेकरं बरी होतात. श्रीमंत देशांत दहातली नऊ वाचतात. मोठ्यांच्या कॅन्सरवर मात्र ही नेहमीची केमो फारशी चालत नाही. त्यावर वेगळी औषधं २००५ नंतर येऊ लागली. गाठ किडनीतच असताना काढली तर मोठी माणसंही बरी होतात.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. खान्देशातून रेल्वेने तिथे जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. २ जुलै २०१२ ला सरकारची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. पुढच्या वर्षी जळगावसह सगळं राज्य त्यात आलं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात कॅन्सरचे उपचार आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा.

मैत्रिणींनो, लेकराचं पोट फुगलं की आपण जंत म्हणतो, तेल लावून पोट चोळतो. गाठ लागली असेल तर पोट अजिबात चोळू नका, दाबून पाहू नका. नाजूक गाठ फुटली तर आजार पोटभर पसरतो आणि उपचार लांबतात. त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा, धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी करून घ्या. भाड्याला पैसे नसतील तर गटात मागा. बचत अशाच दिवसासाठी असते.