तिकीट कोणाच्या नावावर?

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षक राहतात. गल्लीत सगळे त्यांना सरच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून त्यांनी माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या डायरीत घडी घातलेले एक तिकीट निघाले. जानेवारी १९७५, मुंबई, भारत विरुद्ध वेस्ट इंडिज, पाचवी कसोटी. सर तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होते. आपल्याकडची रेल्वे त्या काळी मीटरगेज. मनमाडला उतरायचे आणि मोठ्या गाडीत जागा शोधायची. तसे करत ते मुंबईला मामांकडे पोहोचले होते.

मी सहज विचारले, "सर, केवढ्याला घेतले होते?"

"घेतले कुठे? मिळाले होते. मामांच्या ऑफिसातल्या एका साहेबांकडून."

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. एसटीचे तिकीट आपण काढतो. सिनेमाचे तिकीटही काढतो, फार तर ब्लॅकने घेतो. कसोटी सामन्याचे तिकीट मात्र मुंबईच्या मराठीत 'मिळते'. "तिकीट मिळाले का?" असेच विचारतात. वस्तू विकाऊ असते तेव्हा किंमत विचारली जाते. ती कृपेने यायची असते तेव्हा ओळख विचारली जाते. खेळाच्या तिकिटांचे दर वाढले की इतर देशांत प्रेक्षक काय करतात, याविषयी काही वाचन मी आधीपासून करत होतो. आपल्याकडे तसे का होत नाही याचा धागा मला सरांच्या त्या एका क्रियापदात दिसला.

सुरुवात नाटकापासून करू, कारण दरवाढीविरुद्धचे सर्वांत गाजलेले प्रेक्षकबंड नाटकगृहातलेच आहे. लंडनचे कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह १८०८ साली आगीत भस्मसात झाले. नवी इमारत बांधून ते १८ सप्टेंबर १८०९ रोजी पुन्हा उघडले, तेव्हा व्यवस्थापक आणि नट जॉन फिलिप केंबल याने खर्च भरून काढण्यासाठी दर वाढवले होते. तळमजल्यावरच्या बाकांचे तिकीट साडेतीन शिलिंगांवरून चार झाले आणि बॉक्सचे सहावरून सात. पहिल्याच रात्री 'मॅकबेथ' सुरू होताच प्रेक्षकांनी मंचाकडे पाठ फिरवली. घंटा, खुळखुळे, फलक, नाच, गाणी यांचा असा गदारोळ उठला की नटांचा शब्दही ऐकू येईना. घोषणा एकच: जुने दर! असे एक-दोन नव्हे, ६७ रात्री चालले. अखेर डिसेंबरात केंबलला प्रेक्षकांसमोर माफी मागावी लागली.

पण या बंडाच्या तपशिलात शिरले की लक्षात येते, लोक अर्ध्या शिलिंगासाठी इतके पेटले नव्हते. नव्या इमारतीत वरचा एक आख्खा मजला खासगी बॉक्ससाठी काढला होता. वर्षभराच्या भाड्याने ते धनिकांना द्यायचे, त्यांना वेगळा जिना, बॉक्समागे वेगळी बैठकीची खोली. जिथे कालपर्यंत कोणीही पैसे देऊन बसू शकत होता, तो मजला आता कोणाच्या तरी नावावर झाला होता. तडजोडही तशीच झाली. तळमजल्याचा दर जुना झाला, खासगी बॉक्स कमी करण्यात आले, बॉक्सचे सात शिलिंग मात्र लोकांनी मान्य केले. म्हणजे महागाई एक वेळ सोसली, पण जागा बळकावलेली सोसली नाही.

आता मुंबई. १९३० च्या दशकापर्यंत चौरंगी सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. मैदान उघडे, कडेला तंबू. ज्याला तंबूत जागा नाही तो लांबून, झाडावरून, जमेल तिथून बघायचा. मग बॅक बेच्या भरावाच्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न स्टेडियम बांधले. सरकारने क्लबला ९०,००० चौरस यार्ड जागा साडेतेरा रुपये चौरस यार्ड या दराने दिली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी ७ डिसेंबर १९३७ रोजी त्याचे उद्घाटन केले. पक्के स्टँड, पक्क्या भिंती, शिस्तीचे दरवाजे. प्रेक्षकांच्या सोयी वाढल्या हे खरेच. पण भिंत आली आणि त्याबरोबर आतल्या प्रत्येक खुर्चीचा हिशेब आला.

पहिला भडका त्याच हंगामात उडाला. चौरंगी स्पर्धा त्या वर्षी पंचरंगी होणार होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांच्या जोडीला 'द रेस्ट' हा पाचवा संघ आला होता. नव्या स्टेडियममधल्या आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याचे क्लबशी बिनसले आणि जिमखान्याने संघच मागे घेतला. ब्रेबॉर्नवरची पहिली पंचरंगी हिंदूंविना झाली आणि मुस्लिम संघाने ती जिंकली. पंचरंगीविषयी आपण बोलतो तेव्हा जातीय स्पर्धा असाव्यात की नसाव्यात हा वाद आणि गांधीजींनी १९४० साली केलेला विरोध एवढेच आठवतो. त्याच्या तीन वर्षे आधी एका संघाने निव्वळ खुर्च्यांसाठी स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता, ही गोष्ट तळटिपेत गेली आहे. मला ती तळटिपेत टाकण्याजोगी वाटत नाही.

यात नीट पाहण्याची गोष्ट म्हणजे बहिष्कार कोणी घातला. प्रेक्षकांनी नाही, जिमखान्याने. आसने जिमखान्याला मिळायची होती आणि त्याच्याकडून ती सभासदांकडे जायची होती. गिरगावातल्या चाळीत राहून चार आणे बाजूला टाकणारा जो क्रिकेटवेडा होता, त्याची या वाटाघाटीत खुर्चीच नव्हती. हिंदूंचा तेव्हाचा सर्वांत भरवशाचा फलंदाज म्हणजे विजय मर्चंट. त्याच हिवाळ्यात लॉर्ड टेनिसनच्या संघाविरुद्ध ते भारताचे नेतृत्व करत होते. पंचरंगीत मात्र आपल्या जिमखान्याला पुरेशी आसने नाहीत म्हणून त्यांचा संघ घरी बसला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पस्तीस वर्षांनी ते या गोष्टीत पुन्हा येते, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला.

स्वातंत्र्यानंतर कसोट्या ब्रेबॉर्नवर रुळल्या. मालकी क्लबची, पण सामना भरवण्याचा हक्क मंडळाशी संलग्न असलेल्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा, म्हणजे आजच्या मुंबई क्रिकेट असोसिएशनचा. या दुहेरी संसारात दरवेळी भांडण तिकिटांच्या कोट्यावरून. क्लबचे म्हणणे: स्टेडियम आमच्या सभासदांच्या पैशातून उभे राहिले, त्यांची जागा पहिली. असोसिएशनचे म्हणणे: सामना आमचा, शहरातले शेकडो क्लब आमचे, आणि आम्ही हात पसरायचे? दोघांचेही आपापल्या जागी चूक म्हणता येत नाही.

१९७०च्या दशकाच्या आरंभी असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. विदर्भातले बॅरिस्टर, राज्याचे माजी अर्थमंत्री, १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. क्लबच्या अध्यक्षपदी होते विजय मर्चंट. आमदारांच्या एका सामन्यासाठी वानखेडे ब्रेबॉर्न मागायला गेले आणि मर्चंटांनी नकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तिच्यातल्या अपमानाची धार वाढत जाते. ती आवडण्याचे कारण उघड आहे: तिच्यात दक्षिण मुंबईचा क्लब एका बाजूला आणि गावाकडून आलेले मराठी आमदार दुसऱ्या बाजूला असे चित्र आयतेच तयार होते. पण आमदारांचा सामना झाला असता तरी कोट्याचे दुखणे राहिलेच असते. ते १९३७ पासूनचे होते.

फेब्रुवारी १९७३ मध्ये टोनी लुईसच्या इंग्लंड संघाविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर झाली आणि तिथले कसोटी क्रिकेट थांबले. इथे मराठवाड्याच्या माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तो हिवाळा आपल्याकडे दुष्काळाचा होता. बाया-माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आणि त्याच महाराष्ट्राच्या राजधानीत दोन मातब्बर संस्था खुर्च्यांवरून हातघाईवर आल्या होत्या. यात कोणाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. एका राज्यात एकाच वेळी किती वेगवेगळी वर्षे चालू असतात, एवढेच.

मग असोसिएशनने ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर, चर्चगेट आणि मरीन लाइन्स यांच्यामध्ये, स्वतःचे स्टेडियम बांधायला घेतले. वास्तुविशारद शशी प्रभू तेव्हा ऐन तारुण्यात होते. वर्ष-सव्वा वर्षात काम उरकले आणि २३ जानेवारी १९७५ ला तिथे पहिली कसोटी सुरू झाली. मालिका २-२ अशी बरोबरीत असल्याने हा सामना सहा दिवसांचा ठेवला होता. सरांच्या डायरीतले तिकीट याच सामन्याचे.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले. एक तरुण त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला सगळ्यांसमोर बडवले. स्टँड खवळले. चहापानानंतरचा खेळ होऊ शकला नाही. लॉइड २४२ वर नाबाद राहिला, वेस्ट इंडिजने ६ बाद ६०४ वर डाव सोडला आणि पुढे २०१ धावांनी सामना जिंकला. सोलकरचे शतक आपल्या वाट्याला आले एवढेच समाधान. सर त्या दिवशी आत होते. "आम्ही ओरडत होतो," ते म्हणाले, "पण नक्की कोणावर, ते मला आजही सांगता यायचे नाही."

आठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात याहून वाईट घडले होते. १ जानेवारी १९६७, ईडन गार्डन्स, पुन्हा वेस्ट इंडिजच. तिकीट असूनही बसायला जागा न मिळालेले लोक सीमारेषेपर्यंत आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि मग स्टँड पेटले. न्यायमूर्ती सेन यांच्या चौकशी आयोगापुढे तिकीटविक्रीचा घोळ आला. आपल्याकडे सामान्य प्रेक्षकाची प्रतिक्रिया अशी पोलिसांच्या कागदांत सापडते, कारण ती नोंदवायला दुसरा कागदच नसतो.

लिव्हरपूलची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. २०१६ मध्ये तिथल्या फुटबॉल क्लबने नव्या स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार असे जाहीर केले. ६ फेब्रुवारीला सुंदरलंडविरुद्धच्या सामन्यात बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी जाहीर माफी मागून दरवाढ मागे घेतली. टोरांटोत बर्फावरच्या हॉकीच्या मेपल लीफ्स संघाच्या सीझन तिकिटांसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते. दर वाढले की तिथला प्रेक्षक कुरकुरतो आणि बहुधा पैसे भरतो, कारण एकदा सोडलेली खुर्ची परत येत नाही. उठून जाणे काय किंवा नाइलाजाने भरणे काय, दोन्हीसाठी आधी खुर्ची आपल्या नावावर असावी लागते. सोडून देण्याजोगे काहीतरी हातात असावे लागते.

मुंबईत सीझन तिकीट होते, अजूनही आहे. पण त्याचा खरा धारक क्लब, जिमखाना, कंपनी किंवा कचेरी. दर वाढला तर वाढीव पैसे संस्था भरते. कोटा घटला तर भांडते तीही संस्थाच, आणि भांडण विकोपाला गेले तर नवे स्टेडियम बांधते. वानखेडेंनी असोसिएशनच्या क्लबांना त्यांचा हक्क मिळवून दिला, हे त्यांचे कर्तृत्वच. पण तो क्लबांचा हक्क होता. त्याच्या जोरावर दारात उभा राहणाऱ्याचा हक्कही आपोआप मिळाला असे आपण पन्नास वर्षे धरून चाललो.

२ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी त्याचा हिशेब आकड्यांत समोर आला. नूतनीकरणानंतर वानखेडेची क्षमता सुमारे ३३,००० झाली होती. त्यातली जनतेला विकायला काढलेली तिकिटे ४,०००. बाकी आंतरराष्ट्रीय परिषद, असोसिएशनचे क्लब, सभासद यांची. ऑनलाइन विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले. ब्रेबॉर्नवर क्लबाचे सभासद आधी आणि बाकीचे नंतर, म्हणून ज्या संस्थेने वेगळे घर केले, तिच्याच घरात ही विभागणी झाली होती.

सरांचे ते तिकीट मी उलटून पाहिले. मागे एका क्लबाचा जांभळा शिक्का होता, अक्षरे बरीच पुसलेली. नाव लिहायची रेघ कोरीच होती. "साहेबांनी बजावले होते," सर म्हणाले, "कोणी विचारलेच तर क्लबाचे नाव सांग, तुझे सांगू नकोस." सहाही दिवस कोणी विचारले नाही. ते तिकीट त्यांनी पुन्हा डायरीत ठेवले आणि रंगारी कोणत्या खोलीपासून सुरुवात करणार ते बघायला आत गेले.