पलटणीच्या पत्रांतलें शिवार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें एक लहानसें स्टेशन लागतें. सभोंवार काळी कसदार जमीन, तींत ज्वारी आणि कापूस. असल्या मुलखाचा युरोपांतील रणांगणाशीं कांहीं संबंध असेल, असें वाचकांस सहसा वाटणार नाहीं. परंतु उत्तरेस हिंगोली आहे. १९९९ पर्यंत ती परभणी जिल्ह्यांतच मोडत असे, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्यें ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली व तिच्यांतील एका रिसाल्यास ‘विसावा डेक्कन हॉर्स’ हें नांव मिळालें. याच रिसाल्यानें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणक्षेत्रांत, हाय वुड नामक रानाजवळ, उभ्या पिकांतून भाले सरसावून चाल केली. निजाम सरकारनें पैसा पुरविला. ब्रिटिशांनीं १९१८ मध्यें निजामास ‘विश्वासू दोस्त’ हा किताब दिला. हैदराबादचा भालेस्वार दिल्लीस जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांशेजारीं १९२२ पासून मूर्तिरूपानें उभा आहे.

हा झाला दरबारी इतिहास. लढणाऱ्यास स्वतःला काय वाटलें, हें सांगणारें साधन निराळेंच आहे. फ्रान्समधून हिंदी शिपायांनीं घरीं धाडलेलीं पत्रें लष्करी तपासनीस उघडून वाचीत आणि त्यांतील उताऱ्यांचें इंग्रजी भाषांतर करून ठेवीत. तें दफ्तर लंडनमध्यें सुरक्षित राहिलें, व डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ मध्यें त्यांतील निवडक पत्रें प्रसिद्ध केलीं.

हीं पत्रें कितपत विश्वसनीय मानावीं? बहुतेक शिपाई निरक्षर. सांगणारा एक, लिहून देणारा दुसरा, आणि वाचणारा साहेब तिसरा. त्यांतील राजनिष्ठेचीं वाक्यें मी तरी हिशेबांत धरीत नाहीं. परंतु पाऊस कसा आहे, गुरें धड आहेत ना, कर्ज किती फिटलें, भाऊबंदांचा तंटा कोठवर आला, ही चौकशी कोणी कोणाच्या भीतीनें करीत नसतो. हिंदी शिपायांस ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांस ‘लाल मिरची’ म्हणून तपासनिसाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा खटाटोप तर प्रसिद्धच आहे. काळी मिरी संपत आली, असें लिहिलें कीं घरच्यांनीं काय तें ओळखावें! रणांगणावरचें गुपित सांगण्यास अखेर मिसळणाचा डबाच उपयोगीं पडला.

फ्रान्सच्या खेड्यांत राहिलेल्यांस तोफांइतकेंच नवल वाटलें तें तेथील शेतकरणीचें. घरचे पुरुष लढाईवर गेले असतां ती शेत संभाळते, हिशेब लिहिते, हें पाहून ‘आपल्या मुलींस शाळेंत घाला’ असें कळविणारे शिपाई या पत्रांत भेटतात. कैसर आणि झार यांच्या कारस्थानांवर त्या काळीं आपल्या मासिकांतून पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली. तिच्या तुलनेंत ही एक ओळ मला अधिक मोलाची वाटते.

डेक्कन हॉर्समध्यें शीख, जाट व दक्षिणी मुसलमान यांचा भरणा असे. मराठी कुणबी गेला तो बहुधा मराठा पलटणींत, आणि तोहि इंग्रजी अमलांतील सातारा-रत्नागिरीकडचा. त्याची कसोटी इराकांत लागली. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून कूट-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या. धान्य सरत आलें तेव्हां घोडे मारून मांस वाटण्यांत आलें. हिंदुस्थानांतून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञाहि मागविण्यांत आली. तरीसुद्धां कित्येक हिंदी शिपायांनीं बरेच दिवस त्यास हात लावला नाहीं. यास हट्ट म्हणणें सोपें आहे. मला तो गांवाचा धाक वाटतो. परत गेल्यावर ज्या पंगतीस बसावयाचें तिनेंच उठवून लावलें तर? त्यापेक्षां उपास परवडला. २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति झाली, आणि कैदेंत पडलेल्यांपैकीं कित्येक तुर्कांच्या लोहमार्गावर खपतां खपतां मेले.

जे परतले त्यांच्यापुढें १९१८ नंतरचें गांव होतें. त्या वर्षीं पावसानें दगा दिला, आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझा आला. महायुद्धांत हिंदी सैन्याचे सुमारें ७४,००० लोक कामास आले. साथीनें मेलेल्यांची गणना देशांत एक कोटीच्या वर जाते. ज्याच्यासाठीं घरचे जीव मुठींत धरून बसले होते तो सुखरूप आला, आणि घरचेच गेले, असें किती दारांत घडलें असेल! कोंकणांत व देशावर अनेक गांवीं एक दगडी पाटी आढळते: या गांवांतून महायुद्धास इतके गेले, पैकीं इतके मेले. साथीची तशी पाटी मीं कोठें पाहिली नाहीं.

मराठवाड्याला मात्र लढाईची ओळख पलटणीपेक्षां घरच्या उंबऱ्यावरच अधिक झाली. रझाकारांच्या धास्तीनें १९४७-४८ मध्यें अनेक कुटुंबें सरहद्द ओलांडून गेलीं होतीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली, आणि माणसें आपापल्या शिवाराकडे परतूं लागलीं. खरीपाची ज्वारी तेव्हां निसवत होती. पांखरें राखावयाचीं होतीं.